सीओपीडीच्या ट्रायलमध्ये सापडलेली गाठ : सत्तरी तालुक्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुन्या श्वासविकारावरच्या औषधचाचणीत सहभागी असलेल्या माणसाला मध्येच फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, तर पुढे काय करायचं? चाचणीच्या लेखी आराखड्यात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, बहुतेक वेळा याचं उत्तर दोन ओळींत असतं. चाचणीचं औषध थांबवा आणि गंभीर घटनेचा अहवाल पाठवा. त्या दोन ओळींनंतर जे उरतं, त्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे. मी गोव्यातल्या एका केंद्रावर ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. लिहिण्यासाठी रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझं म्हणणं आधीच मांडते. औषध थांबवणं वेगळं आणि माणसाला अभ्यासातून काढणं वेगळं. या दोन्हींची गल्लत फार सहज होते. दोन्ही आजार असलेले रुग्ण आकडेवारीतून गळत गेले, की ओपीडीच्या बाकांवर रोज बसणाऱ्या माणसांबद्दल ती आकडेवारी काही सांगू शकत नाही.

रुग्ण

वय 63, राहणार सत्तरी तालुका. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या, तोवर ते टिप्पर चालवत. डिचोली-साखळी पट्ट्यातल्या खाणीवर माल भरायचा, मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचा आणि रांगेत परत यायचं. केबिनमधल्या उकाड्यामुळे काच कायम खाली, त्यामुळे पुढच्या गाडीची लाल धूळ आणि डिझेलचा धूर थेट तोंडावर. खाणी थांबल्यावर टिप्पर विकून टाकला. नंतरची बरीच वर्षं काजूच्या मोसमात एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या भट्टीवर काम केलं. उर्राक आणि फेणी गाळताना आच कमी-जास्त होऊन चालत नाही, म्हणून लाकडं सारत माणसाला तासन्‌तास भट्टीपुढेच बसावं लागतं. घरात गॅस आला आहे, पण आंघोळीचं पाणी अजून लाकडांवरच तापतं.

बिड्या दिवसाला पंधरा, पस्तीस वर्षं. म्हणजे स्मोकिंग इंडेक्स 525. हा आकडा 300 च्या वर गेला की आपल्याकडे जड धूम्रपान समजतात. ट्रायलमध्ये येण्याआधी तीन वर्षं त्यांनी बिडी सोडली होती. 1990 च्या दशकात क्षयरोग झाला होता, त्याचा उपचार पूर्ण केला होता. गावात सगळे त्यांच्या त्रासाला दमाच म्हणत.

आमच्या फॉर्ममध्ये धूम्रपानासाठी सविस्तर रकाने होते, कामाच्या जागेवरच्या धुळीसाठी मात्र फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिकेची धूळ 1997 मध्ये आणि डिझेलचा धूर 2012 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. घरगुती लाकूडफाट्याचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे. अशा तिन्ही गोष्टी ज्याच्या छातीतून गेल्या, त्याच्याबद्दल एक ‘हो’ लिहून थांबणं मला पटलं नाही. त्यांचा कामाचा सगळा इतिहास मी वेगळ्या पानावर लिहून फाइलला जोडला. तो पुढे उपयोगी पडला.

आकडे

ट्रायल श्वासातून घ्यायच्या औषधाची होती, म्हणजे लोकांच्या भाषेत पंपाची. प्रत्येक भेटीत स्पायरोमेट्री, वजन, ऑक्सिजनची पातळी आणि त्रासाची प्रश्नावली.

फुंकायची टेस्ट बघायला सोपी वाटते, पण सीओपीडीच्या माणसासाठी ती मेहनतीचं काम आहे. खुर्चीत ताठ बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायला सांगायचं. “श्वास भरून घ्या काका, अजून, अजून… आता जोरात फुंका! सोडत राहा, सोडत राहा, थांबू नका…” पडद्यावरची रेघ झपकन वर जाते आणि निरोगी माणसासारखी सरळ उतरायच्या ऐवजी मध्येच खचून आत वळते. छातीतली हवा संपत आली तरी नळी सोडायची नसते. कपाळावरची शीर फुगते, डोळ्यांत पाणी येतं. असे तीन नीट प्रयत्न लागतात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोनांत 150 मिलीलीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मग सॅल्ब्युटामॉलचे चार पफ द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं आणि सगळं पुन्हा. वाळपईहून पहाटेची बस पकडून, सकाळचा पंप न घेता आलेला माणूस हे करतो. त्याच्या एकेका आकड्यामागे किती दम खर्ची पडलेला असतो, हे तक्ता वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

पहिल्या भेटीत पंपानंतरचा त्यांचा एफईव्ही-1, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, 1.02 लिटर होता. अपेक्षित मूल्याच्या 43 टक्के. एकूण हवेशी गुणोत्तर 0.50 होतं. ते 0.70 च्या खाली असलं की अडथळा पक्का. वजन 54 किलो. त्रासाचा कॅट स्कोअर 40 पैकी 18.

चोविसाव्या आठवड्यात एफईव्ही-1 होता 1.00 लिटर. फरक नगण्य. पण वजन 49.6 किलो, कॅट स्कोअर 25 आणि “बाय, आता न्हाणीपर्यंत गेलं तरी धाप लागते” अशी तक्रार. संगणकात आकडे भरले तेव्हा कुठेही शंका उमटली नाही, कारण प्रत्येक आकडा आपापल्या मर्यादेत होता. प्रणाली एकेक आकडा तपासते, त्यांचा उतार तपासत नाही. फुंकायची ताकद तीच आहे, तरी माणूस खंगतो आहे आणि धाप वाढते आहे, ही विसंगती तिन्ही भेटींची पानं शेजारी ठेवल्यावरच दिसते. आम्ही ती मुख्य संशोधक डॉक्टरांपुढे ठेवली.

उठता उठता काकांनी आणखी एक सांगितलं. आठवड्यापूर्वी थुंकीत रक्ताचा दोरा दिसला होता. गावाकडे कोणीतरी एक्स-रे बघून ‘जुना टीबी उलटला असेल’ म्हणून गोळ्या सुरू करायचा सल्ला दिला होता. त्यांनी सुरू केल्या नव्हत्या, कारण ट्रायलमध्ये असताना विचारल्याशिवाय कुठलंही औषध घ्यायचं नाही, हे सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

टीबी आहे की नाही हे बघण्यासाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी नवा एक्स-रे आणि ट्रायलमध्ये भरती करतानाचा एक्स-रे एकत्र लावले. दोन्हींत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात क्षयाचे जुने व्रण होते, अगदी तसेच. पण गळ्याच्या हाडामागे, व्रणाच्या कडेला, नव्या फिल्ममध्ये एक भर होती. आपल्या भागात अशी सावली टीबीच्या नावावर सहज जमा होते आणि कधी कधी त्यात महिनोन्‌महिने जातात. इथे तुलनेसाठी सहा महिन्यांपूर्वीची फिल्म कपाटात होती, म्हणून ते टळलं. सीटी स्कॅनमध्ये 2.4 सेंटीमीटरची, काटेरी कडांची गाठ दिसली.

त्यांच्या मुलाने विचारलं, “भरतीच्या वेळीच का नाही कळलं?” प्रश्न रास्त आहे. ट्रायलच्या सुरुवातीचा एक्स-रे इतर आजार वगळण्यापुरता असतो, आणि हाडांआडची लहान गाठ साध्या एक्स-रेत सहज लपते. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांवर झालेल्या आणि 2011 मध्ये निष्कर्ष आलेल्या चाचणीत, दरवर्षी एक्स-रे काढूनही फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच वर्षी 53,454 जणांच्या दुसऱ्या चाचणीत कमी मात्रेच्या सीटीने ते मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. पण तिथेही संशयित ठरलेल्या निकालांपैकी शंभरात 96 खोटे निघाले, आणि तिथल्या लोकांच्या छातीत आपल्याइतके क्षयाचे व्रण नसतात. भारतात फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम नाही. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, एवढ्यांचाच आहे. हे सगळं मुलाला सोप्या भाषेत सांगितलं. त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

एम्फिसिमाच्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या खराब झालेल्या फुफ्फुसात सुई घालताना हवा छातीत सुटण्याची भीती असते, म्हणून बायोप्सी दाखल करून, जपून केली. निदान स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार. पेट स्कॅनमध्ये पसार नव्हता, म्हणजे पहिला टप्पा. एवढ्याशा गाठीने जवळजवळ साडेचार किलो वजन उतरलं असेल का, याबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नव्हतं. सीओपीडी स्वतःच स्नायू खातो. कारण काहीही असो, वजनामुळेच पुढची तपासणी झाली.

‘बाबांना सांगू नका’

बायोप्सीचा निकाल मुलाच्या हाती आधी पडला. तो माझ्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाबांना एवढंच सांगा की गाठ आहे, औषधाने जाईल. कॅन्सर हा शब्द नको. ते हाय खातील.”

ही मागणी आपल्याकडच्या प्रत्येक वॉर्डात ऐकू येते आणि तिच्यामागे माया असते, हे मी जाणते. पण ट्रायलमध्ये तिला एक अडचण आडवी येते. चाचणीचं औषध बंद झालं, पुढच्या भेटी चालू ठेवायच्या की नाही, माहिती वापरायची की नाही, यावर सही त्या माणसाची लागते. ज्याला कारण माहीत नाही त्याची सही ही संमती नव्हे. औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांत आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती रुग्णाची असते. मुलाने ती परस्पर द्यायची नसते.

डॉक्टरांनी मुलाशी वाद घातला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मी त्यांना विचारते की त्यांना किती जाणून घ्यायचंय. त्यांनी नको म्हटलं तर मी थांबेन.” मग काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि मुलालाही तिथेच बसवलं. “तपासणीचे निकाल आलेत. काही लोकांना सगळं ऐकायचं असतं, काही म्हणतात मुलाशी बोला. तुम्हाला कसं हवं?”

काका थोडा वेळ मुलाकडे बघत राहिले. म्हणाले, “टिप्परवर होतो तेव्हा ब्रेकचं काम मी दुसऱ्यावर सोडलं नाही. मला सांगा.” डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर हा शब्द वापरून, आणि लगेच जोडून सांगितलं की गाठ लहान आहे, पसरलेली नाही आणि तिच्यावर उपचार आहे. काकांनी दोन प्रश्न विचारले. शेजारी कोणाला कळेल का? आणि पंप बंद झाला तर रात्री काय घ्यायचं? दुसऱ्याचं उत्तर तयार होतं. त्याच दिवसापासून बाजारात मिळणारा नेहमीचा पंप सुरू केला, एकही रात्र रिकामी न सोडता. औषध थांबवताना ही गोष्ट आधी ठरलेली असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मुलाने खर्चाचं विचारलं. त्याची समजूत होती की सहभागी आहेत म्हणजे ट्रायलवाले सगळा खर्च करतील. चाचणीदरम्यान इजा झाली तर मोफत उपचार द्यावेच लागतात, पण त्या इजेचा चाचणीशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंतच. ही गाठ सहा महिन्यांच्या पंपाने झालेली नव्हती. कर्करोगाच्या उपचाराचा खर्च ट्रायलकडून मिळणार नाही, हे त्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं.

काढायचं की ठेवायचं

निदान कळताच चोवीस तासांच्या आत औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि नैतिकता समितीला कळवलं, चौदा दिवसांत सविस्तर अहवाल गेला. हे ठरलेलं काम आहे, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

पेच नंतर आला. प्रायोजकाच्या बाजूने सुचवणी आली की रुग्णाला ‘विड्रॉ’ दाखवून फाइल बंद करावी. त्यात कोणाची वाईट भावना नव्हती. कर्करोगाचा उपचार सुरू झाला की स्पायरोमेट्रीचे आकडे गढूळ होतील आणि भेटी चुकतील, हा त्यांचा हिशेब. शिवाय उपचार चालू असलेल्या माणसाला टेस्टसाठी बोलावणं जुलमाचं होईल, असंही त्यांना वाटत होतं. शेवटचा मुद्दा मलाही पटला होता.

पण सीओपीडीच्या संशोधनाला ही खोड जुनी आहे. आधीच्या कित्येक चाचण्यांत औषध सोडलेल्यांचा मागोवाच घेतला नव्हता, आणि सोडणारे बहुतेक जास्त आजारी असतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉर्च या चाचणीने हे बदललं. 6,112 रुग्ण, तीन वर्षं. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला पंप मिळालेल्या गटातल्या 44 टक्के लोकांनी तो मध्येच सोडला, चाचणीतली दोन्ही औषधं एकत्र मिळालेल्या गटातल्या 34 टक्क्यांनी. तरी एक सोडून प्रत्येकाचं तीन वर्षांनंतर काय झालं, ते जिवंत आहेत की नाहीत, हे संशोधकांनी शोधून काढलं. म्हणून मृत्यूचे 15.2 आणि 12.6 टक्के हे आकडे आज विश्वासाने समोर ठेवता येतात, आणि त्यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम कमी पडला हेही प्रामाणिकपणे सांगता येतं. त्याच पाठपुराव्यातून कळलं की दर पाच मृत्यूंत साधारण एक कर्करोगाने होता. अडथळा सौम्य असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात, साडेचौदा वर्षांनंतर, मृत्यूचं सर्वांत मोठं कारण फुफ्फुसाचा कर्करोगच निघाला. धूम्रपानाचा हिशेब वजा केला तरी सीओपीडी असलेल्यांत हा धोका जास्त राहतो. मग ज्याला तो झाला त्याला आपणच रजिस्टरमधून बाहेर काढलं, तर हा धोका दिसणार कुठे?

दुसऱ्या बाजूने कर्करोगाच्या चाचण्यांतही त्यांना जागा नव्हती. बहुतेकांचे निकष चालत्याफिरत्या, बऱ्यापैकी फुफ्फुसाच्या माणसासाठी असतात. दोन्ही आजार असलेला माणूस असा दोन्ही दारांतून परत जातो.

डॉक्टरांनी नैतिकता समितीपुढे हेच मांडलं. समितीवरच्या एका सामान्य सदस्याने, निवृत्त शिक्षिकेने, नेमका प्रश्न विचारला : यात त्या गृहस्थांचा फायदा काय? खरं उत्तर ‘फारसा नाही’ हेच होतं आणि ते तसंच दिलं. मग समितीने अट घातली. पाठपुरावा हलका करा, टेस्ट फक्त त्यांना यायचंच असेल तेव्हा, एरवी फोन. आणि नकार दिला तर उपचारात किंवा वागणुकीत काडीचाही फरक पडणार नाही, हे नव्या संमतिपत्रात ठळक लिहा. प्रायोजकाच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी हे मान्य केलं. प्रोटोकॉलमध्ये तशी तरतूद आधीपासून होतीच.

काकांनी मराठी संमतिपत्र स्वतः वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि दोन दिवसांनी सही केली. घरी नेऊन विचार करा, हा आग्रह आमचा होता.

उपचार

एफईव्ही-1 43 टक्के आणि वायू शोषण्याची क्षमता त्याहून कमी, त्यामुळे फुफ्फुसाचा भाग कापून काढणं धोक्याचं होतं. कुटुंबाने मुंबईला, परळला टाटात दुसरं मत घेतलं. तिथेही हेच ठरलं : नेमक्या जागी जास्त मात्रेचं रेडिएशन, ज्याला एसबीआरटी म्हणतात, पाच बैठकांत.

हा उपचार आज हाताशी आहे त्यात एका चाचणीचा मोठा वाटा आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. ज्यांची फुफ्फुसं शस्त्रक्रिया सोसणार नाहीत अशाच रुग्णांवर ती उत्तर अमेरिकेत केली आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त 55. तीन वर्षांनंतर मूळ गाठ आटोक्यात राहिल्याचं प्रमाण 97.6 टक्के, जिवंत असलेले 55.8 टक्के. दुसरा आकडा खाली असण्यामागे बऱ्याच जणांचे इतर जुने आजारही आहेत. इतर चाचण्या ज्यांना नाकारतात त्यांना मुद्दाम बोलावलं, म्हणून सत्तरीतल्या एका माणसाला हा रस्ता मिळाला.

काका थिवीहून रेल्वेने गेले आणि उपचार पुरा करून परत आले. डॉक्टरांच्या सल्ल्याने भट्टीवर जाणं बंद केलं. पाणी तापवायला मुलाने गीझर बसवला.

सध्याची स्थिती

रेडिएशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत फुफ्फुसाला सूज येऊ शकते. खोकला, धाप, बारीक ताप. सीओपीडी बळावला तरी हेच होतं, आणि छातीत जंतुसंसर्ग झाला तरी हेच. म्हणून त्यांच्या कार्डावर रेडिएशनची तारीख आणि जागा मराठीत व इंग्रजीत लिहून दिली आहे आणि गावच्या आरोग्य केंद्रालाही कळवलं आहे. परस्पर स्टेरॉइड किंवा टीबीच्या गोळ्या सुरू होऊ नयेत, हा हेतू.

पुढे त्यांचा एफईव्ही-1 घसरला तर ती घसरण कशाची मोजायची, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांसाठी उघडा आहे. 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मध्येच घडणाऱ्या अशा घटनांचा हिशेब कसा करायचा हे चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवायचं असतं. आमच्या प्रोटोकॉलमध्ये मृत्यू आणि इतर औषधांबद्दल लिहिलेलं होतं, नव्या कर्करोगाबद्दल नव्हतं. पुढच्या अभ्यासाच्या मसुद्यात ती ओळ घालावी, असं आम्ही लेखी कळवलं आहे. केंद्रावर आता प्रत्येक सहभागीच्या फाइलच्या पहिल्या पानावर वजनाचा आलेख असतो आणि पाच टक्क्यांहून जास्त घट दिसली की डॉक्टरांची सही लागते. कामाच्या इतिहासाचं वेगळं पानही कायम ठेवलं आहे.

त्यांची पुढची भेट चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आठवड्यात येते. चवथीत सत्तरीतून कोणी दवाखान्यात येत नाही, आणि यावंही का? ती भेट फोनवर घेणार आहोत : वजन घरच्या काट्यावर, प्रश्नावली तोंडी, आणि थुंकीत रक्त दिसलं का, हा प्रश्न सगळ्यांत आधी. फुंकायच्या टेस्टला ते सणानंतर स्वतःहून येतो म्हणाले आहेत.